टीएनएफ अडवला तर आराम, आयएल-१७ अडवला तर आजार बळावतो. आयबीडीत (क्रोन्स व अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या जुनाट दाहाच्या आजारांत) असे का व्हावे?

अनघा (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला क्रोन्सचा आजार आहे. त्याच्या उपचारांविषयी सल्ला मागण्यासाठी हा धागा काढलेला नाही. ते काम त्याचे डॉक्टर नीट करीत आहेत. मला आजारामागचे शास्त्र समजून घ्यायचे आहे. जीवशास्त्रात पदवी घेतलेली असल्यामुळे पेशी, जनुके, प्रथिने इथपर्यंत अडचण येत नाही, मात्र टीएनएफ, आयएल-१७ अशा सायटोकाइनांच्या (पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडतात त्या प्रथिनांच्या) जंजाळात शिरले की वाट सापडेनाशी होते.

रुग्णांसाठीच्या बहुतेक माहितीपत्रकांत असे लिहिलेले असते की क्रोन्स काय किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस काय, दोन्हींत रोगप्रतिकारक यंत्रणा प्रमाणाबाहेर जोर करते आणि आतड्याच्या अस्तरालाच इजा करते. एवढेच खरे असेल, तर दाह वाढवणारा कोणताही संदेश अडवला की आजार थोडाफार तरी ओसरायला हवा. टीएनएफच्या बाबतीत तसे झाले आणि १९९८ साली अमेरिकेत क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅबला मान्यता मिळाली, हे मला ठाऊक आहे. परंतु एटानरसेप्ट हे औषधही टीएनएफच अडवते, संधिवातात ते चांगले लागू पडते आणि क्रोन्समध्ये मात्र त्याचा उपयोग झाला नाही. आयएल-१७ची गोष्ट तर त्याहून चक्रावून टाकणारी आहे. सोरायसिसमध्ये हा संदेश अडवला की त्वचा स्वच्छ होते. क्रोन्सच्या रुग्णांत तोच अडवून पाहिला तर काहींचा आजार उलट वाढला. शिवाय क्रोन्सशी निगडित म्हणून सर्वांत आधी, २००१ साली, जे नॉड२ जनुक सापडले, त्यातील बदलांमुळे जिवाणू ओळखण्याची क्षमता वाढत नाही, तर घटते, असे वाचले. यंत्रणेचा एक भाग दुबळा पडल्याने तिचा जोर कसा काय वाढतो?

जाणकारांनी सविस्तर लिहावे. थोडे कठीण लिहिले तरी चालेल.

निरंजन

अनघाताई, तुमच्या तिन्ही शंकांचे मूळ एकच आहे. आतड्यातील संदेश दाह वाढवणारे आणि दाह शमवणारे अशा दोन गटांत वाटून टाकता येत नाहीत. एखादा रेणू कोणत्या पेशीने सोडला, कोणत्या पेशीने घेतला, आणि त्या वेळी अस्तर शाबूत होते की फाटलेले, यावर त्याचा परिणाम ठरतो. मी प्रयोगशाळेत काम करतो, रुग्ण तपासत नाही, म्हणून औषधांचा भाग डॉक्टर मंडळींवर सोपवतो आणि नॉड२पासून सुरुवात करतो.

लहान आतड्याच्या अस्तरात असंख्य सूक्ष्म खाचा असतात. प्रत्येक खाचेच्या तळाशी, अस्तर सतत नव्याने घडवणाऱ्या मूळ पेशींच्या अगदी खेटून, पॅनेथ पेशी बसलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात ठळक लालसर कण भरलेले दिसतात. त्या कणांत जिवाणू मारणारी डिफेन्सिनसारखी प्रथिने असतात. नॉड२ हे प्रथिन पेशीच्या आत राहून जिवाणूंच्या भित्तिकेचा एक बारीक तुकडा, म्युरामिल डायपेप्टाइड, ओळखते आणि एनएफ-कप्पा-बी हा मार्ग चालू करते. त्यातून संरक्षक प्रथिनांची निर्मिती आणि बंदोबस्ताची पुढची पावले सुरू होतात. जिवाणू जिथून पेशीत शिरतो तिथे नॉड२ आणखी एका प्रथिनाला, एटीजी१६एल१ला, बोलावून घेते. हे प्रथिन घुसलेल्या जिवाणूभोवती आवरण तयार करून त्याला पेशीच्या आतच पचवण्याच्या कामात असते. विशेष म्हणजे या दुसऱ्या प्रथिनाच्या जनुकातील एक बदलही क्रोन्सचा धोका वाढवतो, हे २००७ साली लक्षात आले. दोन वेगवेगळे धागे पकडून शोध घेणारे लोक एकाच ठिकाणी येऊन पोहोचले, म्हणून मला हा पुरावा फार वजनदार वाटतो.

आता तुमचा प्रश्न. पहिल्या फळीने जे काम गाजावाजा न करता आटपायचे ते आटपले नाही, की जिवाणू किंवा त्यांचे अंश अस्तराच्या खालच्या थरात अधिक काळ रेंगाळतात. तिथल्या मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक या रोगप्रतिकारक पेशी मग त्यांच्याकडे असलेली इतर साधने वापरतात : टीएनएफ, आयएल-१-बीटा, आयएल-२३. ही साधने परिणामकारक असली तरी आजूबाजूच्या ऊतींची नासधूस करतात. म्हणजे दुबळेपणा एका पेशीतला आणि आक्रस्ताळेपणा दुसऱ्या पेशीतला. याशिवाय नॉड२ला सौम्य उत्तेजना सतत मिळत राहिली तर पेशी इतर जिवाणूजन्य संकेतांनाही बेताने प्रतिसाद द्यायला शिकतात. बदललेल्या नॉड२मध्ये हा संयमही कमी पडतो.

एक सावधगिरी मात्र हवी. नॉड२मधील बदल असणाऱ्या बहुसंख्य लोकांना क्रोन्स कधीच होत नाही, आणि युरोपीय वंशाच्या लोकांत आढळणारे ते तीन प्रमुख बदल जपानी, चिनी व कोरियन लोकसमूहांत जवळपास नसूनही तिथे हा आजार होतोच. आयबीडीशी संबंधित जनुकीय स्थाने आज दोनशेच्या वर ज्ञात आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकाचा वाटा बहुधा लहान आहे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आयएल-१० हा दाह आवरणारा संदेश आहे. १९९३ साली आयएल-१० नसलेले उंदीर तयार केले गेले, तेव्हा त्यांना आतड्याचा जुनाट दाह झाला. पुढे २००९ साली तान्ह्या वयात अतितीव्र आयबीडी झालेल्या काही मुलांत आयएल-१०च्या रिसेप्टरची (तो संदेश घेणाऱ्या प्रथिनाची) जनुकेच निकामी असल्याचे आढळले, आणि त्यांपैकी एका मुलाचा आजार रक्तपेशी घडवणाऱ्या मूळ पेशींच्या प्रत्यारोपणानंतर आटोक्यात आला. येथे केवळ एक थांबवणारा संदेश ऐकू न आल्यामुळे संपूर्ण आजार उभा राहतो. यावरून कोणालाही वाटेल की क्रोन्सच्या प्रौढ रुग्णांना आयएल-१० टोचून दिले की काम झाले. तसे प्रयोग झाले आणि फारसे काही हाती लागले नाही. रक्तातून दिलेला रेणू आतड्याच्या अस्तरात पुरेशा प्रमाणात पोहोचत नसावा, आणि जास्त मात्रेत तोच रेणू दाह वाढवणारे इंटरफेरॉन-गॅमा वाढवतो असेही दिसले. शांत करणारा म्हणून ओळखला जाणारा संदेशही जागा व मात्रा बदलल्यावर वेगळे वागतो, ते असे.

अनघा

निरंजनसर, मनःपूर्वक आभार. नॉड२चे कोडे बऱ्यापैकी उलगडले. पण आयएल-१७ अजून तसेच आहे. आयएल-२३ अडवणारी नवी औषधे क्रोन्समध्ये चालतात असे वाचते. आयएल-२३चे कामच जर आयएल-१७ बनवणाऱ्या पेशींना बळ देण्याचे असेल, तर वरचा नळ बंद केल्याने फायदा आणि खालचा बंद केल्याने तोटा, हे कसे?

निरंजन

नळाचे चित्र येथे अपुरे पडते, कारण आयएल-१७ला पुरवठा एकाच वाटेने होत नाही. टीएच१७ या आयएल-१७ बनवणाऱ्या टी पेशींचा एक गट आयएल-२३च्या जोरावर आक्रमक होतो आणि आयएल-१७च्या जोडीने इंटरफेरॉन-गॅमासारखे रेणूही सोडू लागतो. परंतु अस्तराला लागून असलेल्या गॅमा-डेल्टा टी पेशी आयएल-२३ नसतानाही आयएल-१७ बनवू शकतात, आणि हे आयएल-१७ दुरुस्तीच्या कामाचे असते : शेजारशेजारच्या अस्तरपेशींना घट्ट धरून ठेवणारे जोड ते सांभाळते, जिवाणूनाशक प्रथिनांची निर्मिती वाढवते. आयएल-२३ अडवले की पहिला, त्रासदायक साठा घटतो आणि दुसरा बराचसा टिकून राहतो. आयएल-१७च अडवले तर दोन्ही जातात. आयएल-१७ अडवणाऱ्या सेक्युकिनुमॅबच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्रोन्सच्या रुग्णांना फायदा झाला नाही, प्रतिकूल परिणाम मात्र जास्त दिसले. आयएल-१७चा रिसेप्टर अडवणाऱ्या ब्रोडालुमॅबची चाचणीही आजार वाढत असल्याचे दिसल्यावर मध्येच थांबवावी लागली. म्हणूनच सोरायसिस किंवा मणक्याच्या संधिदाहासाठी ही औषधे देण्यापूर्वी रुग्णाला आयबीडी आहे का, याची विचारपूस केली जाते.

आयएल-२३चे महत्त्व औषधांच्या आधी जनुकांनी सांगितले होते. २००६ साली त्याच्या रिसेप्टरच्या जनुकात असा एक दुर्मीळ बदल सापडला की तो असणाऱ्यांना क्रोन्स होण्याची शक्यता बरीच कमी असते. निसर्गानेच काही माणसांत हा संदेश किंचित मंद करून ठेवला होता आणि ती माणसे एरवी ठणठणीत होती. औषध शोधणाऱ्याला याहून चांगली खूण क्वचितच मिळते.

डॉ. मृणाल

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. निरंजन यांनी सोडलेला औषधांचा भाग पुढे नेते.

एटानरसेप्टचे अपयश समजण्यासाठी टीएनएफ दोन रूपांत असतो हे लक्षात घ्यावे लागते. तो आधी पेशीच्या पृष्ठभागावर रोवलेला असतो आणि नंतर एका विकराने (एन्झाइमने) कापला जाऊन मोकळा होतो. एटानरसेप्ट मुख्यतः मोकळ्या टीएनएफला टिपते. इन्फ्लिक्सिमॅब आणि अडालिमुमॅब ही प्रतिपिंडे पृष्ठभागावरच्या टीएनएफलाही घट्ट बिलगतात, त्यामुळे तो बाळगणाऱ्या टी पेशी आत्मनाश पावतात आणि काही मॅक्रोफेज जखम भरण्याच्या कामाकडे वळतात. बरीच वर्षे हेच स्पष्टीकरण पुरेसे मानले जात होते. परंतु सर्टोलिझुमॅब हे औषध प्रतिपिंडाचा केवळ एक तुकडा आहे, त्याने पेशींचा तसा आत्मनाश घडत नाही, तरीही ते क्रोन्समध्ये उपयोगी पडते. त्यामुळे पृष्ठभागावरचा टीएनएफ पकडणे आवश्यक दिसते, एवढेच मी खात्रीने म्हणेन. पकडल्यानंतर नेमके काय घडते याबद्दलचे एकच एक उत्तर मला पटत नाही.

टीएनएफरोधक औषधे सुरू केलेल्या रुग्णांपैकी साधारण एक-तृतीयांश जणांना सुरुवातीपासूनच पुरेसा फायदा होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांच्यापैकीही अनेकांचा पुढे कमी होत जातो. नातेवाईक याला शरीराला औषधाची सवय झाली असे म्हणतात. प्रत्यक्षात येथे दोन अगदी निराळ्या गोष्टी घडत असू शकतात. एक म्हणजे रुग्णाचे शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंडे बनवते, किंवा तीव्र दाहात औषध फार लवकर निघून जाते, अगदी सुजलेल्या आतड्यातून मलावाटेही. रक्तातील पातळी घसरते आणि टीएनएफ पुन्हा मोकाट सुटतो. अशा वेळी मात्रा वाढवणे, ॲझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची जोड देणे किंवा त्याच वर्गातील दुसरे औषध देणे याने भागू शकते. दुसरी शक्यता अशी की रक्तात औषध भरपूर आहे, टीएनएफ बंदिस्त आहे, आणि तरीही दाह चालूच आहे, कारण सूत्रे आता दुसऱ्याच संदेशाच्या हातात गेलेली आहेत. येथे मात्रा वाढवून काहीही साधत नाही, वर्गच बदलावा लागतो. म्हणून औषधाची पातळी न मोजता घाईने औषध बदलणे मला रुचत नाही.

वर्ग बदलताना काय निवडावे यालाही आता काही आधार आहे. आयएल-१२ आणि आयएल-२३ या दोहोंत पी४० हा घटक सामाईक असतो. उस्टेकिनुमॅब तो अडवते, म्हणजे दोन्ही संदेश बंद करते. रिसँकिझुमॅब फक्त आयएल-२३मधील पी१९ला धरते. टीएनएफरोधकांना दाद न दिलेल्या क्रोन्सच्या रुग्णांत या दोघांची थेट तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. ४८ आठवड्यांनंतर दुर्बिणीतून अस्तर शांत दिसण्याचे प्रमाण रिसँकिझुमॅबच्या गटात सुमारे ३२ टक्के आणि उस्टेकिनुमॅबच्या गटात सुमारे १६ टक्के होते. दोन संदेश बंद करण्यापेक्षा एकच बंद करणारे औषध सरस ठरले, हे अनघाताईंच्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने बोलके आहे. अर्थात औषधाची मात्रा आणि चिकटण्याची ताकद हेही भेद त्यात आहेत, सगळे श्रेय पी१९ला देता येणार नाही.

जॅक विकर अडवणाऱ्या गोळ्यांचा मार्ग वेगळा आहे. अनेक सायटोकाइनांचे रिसेप्टर पेशीच्या आत जॅक१, जॅक२, जॅक३ आणि टायक२ या चार विकरांच्या जोड्या वापरून स्टॅट प्रथिनांपर्यंत निरोप पोहोचवतात, त्यामुळे एका गोळीने बरेच संदेश एकदम मंदावतात. टोफासिटिनिब अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये चालले, क्रोन्समध्ये चालले नाही. मुख्यतः जॅक१ला लक्ष्य करणारे उपाडासिटिनिब दोन्हींत चालले. संसर्ग, नागीण, रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका मात्र डोळ्यांआड करून चालत नाही. टीएनएफ हा रेणू जॅकच्या वाटेने जात नाही, हेही जाता जाता सांगते, कारण त्याबद्दल बरेच गैरसमज दिसतात.

वेडोलिझुमॅब तर कोणत्याही सायटोकाइनला हात लावत नाही. रक्तातील लिम्फोसाइट पेशी अल्फा-४-बीटा-७ इंटिग्रिनच्या साहाय्याने आतड्याच्या रक्तवाहिन्यांना चिकटून आत शिरतात, तेवढा प्रवेश ते रोखते. परिणाम सावकाश दिसतो, परंतु बाकीच्या शरीराची प्रतिकारशक्ती जवळपास अबाधित राहते.

सुलभा (विकृतिशास्त्र)

वरची चर्चा बरीचशी रेणूंची आहे. ऊतीत हे कसे दिसते तेही सांगावेसे वाटले. अल्सरेटिव्ह कोलायटिस भडकलेला असताना घेतलेल्या तुकड्यात मोठ्या आतड्याच्या खाचांच्या पोकळीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचे पुंजके साचलेले असतात. खाचेची भिंत त्यांनी पोखरलेली असते आणि श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी, ज्या एरवी फुगीर व फिकट दिसतात, त्या विरळ झालेल्या असतात. हे सारे अस्तर आणि त्याखालच्या पातळ थरापुरते मर्यादित असते. क्रोन्समध्ये दाह भिंतीच्या आरपार जातो, मध्ये निरोगी पट्टे सोडतो, आणि काही तुकड्यांत मॅक्रोफेजचे घट्ट गोळे, म्हणजे ग्रॅन्युलोमा, सापडतात. मल तपासताना ज्याचे प्रमाण मोजतात ते कॅलप्रोटेक्टिन याच न्यूट्रोफिल पेशींतून आलेले असते, त्यामुळे ते आतड्यातील घडामोडींविषयी रक्तातील सीआरपीपेक्षा अधिक थेट सांगते. सीआरपी हे यकृताने आयएल-६च्या निरोपावरून बनवलेले प्रथिन आहे आणि काही रुग्णांत दाह असूनही ते फारसे वाढत नाही.

केदार

चर्चा उत्तम आहे, पण एक तक्रार. सारे संदेशांवर बोलत आहेत आणि संदेश ज्यांच्यामुळे सुरू होतात ते जिवाणू पाहुण्यासारखे येऊन जातात. आयएल-१० नसलेले उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले तर त्यांना कोलायटिस होत नाही. माणसांतही पुरावा आहे. क्रोन्सचा बाधित भाग कापून जोडणी केल्यावर मलप्रवाह काही काळ दुसरीकडे वळवला तर जोडाच्या वरचे आतडे शांत राहते, आणि प्रवाह पूर्ववत केल्यावर दाह परततो. वळवलेल्या भागात रुग्णाच्याच आतड्यातील द्रव सोडून पाहिले, तेव्हा काही दिवसांतच दाहाच्या खुणा उमटल्या होत्या. यंत्रणा कितीही बिघडलेली असो, आतड्यातील ऐवज नसेल तर ती पेटत नाही.

निरंजन

केदार, हरकत मान्य. जनुकीय बिघाडाला जिवाणूंची साथ लागते आणि जिवाणूंनाही बिघडलेले यजमान लागते. तोच ऐवज इतरांच्या आतड्यात निमूट असतो. मात्र प्रतिजैविकांनी क्रोन्स कायमचा हटत नाही, त्यामुळे उपचारांचा भर संदेशांवर राहिला आहे.

अनघा

सर्वांचे आभार. डॉ. मृणाल यांनी सूत्रे दुसऱ्या संदेशाच्या हातात जातात असे म्हटले, त्यावरून शेवटची शंका. एखाद्या रुग्णात कोणता संदेश प्रबळ आहे, हे औषध देण्यापूर्वीच तपासता येत नाही का?

निरंजन

नेहमीच्या उपचारांत अशी खात्रीची चाचणी अजून नाही, पण प्रयत्न चालू आहेत. २०१७ साली असे दिसले की ज्यांच्या आतड्याच्या तुकड्यात ऑन्कोस्टॅटिन एम या सायटोकाइनचे प्रमाण उपचारांपूर्वीच जास्त असते, त्यांना टीएनएफरोधकांचा फायदा कमी होतो. हा संदेश मुख्यतः आधारऊतीच्या पेशी घेतात, आणि त्यांच्याकडे संशोधकांचे फार काळ दुर्लक्ष झाले होते.

टीएल१ए हा टीएनएफच्याच कुळातील रेणू अडवणाऱ्या ट्युलिसोकिबार्टची अल्सरेटिव्ह कोलायटिसमधील दुसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात जनुकीय खुणा पाहून रुग्ण निवडण्याची कल्पना मुद्दाम तपासली होती. निवड न करता घेतलेल्या मुख्य गटात १२ आठवड्यांनंतर २६ टक्के रुग्णांचा आजार शमला, औषधाविना दिलेल्या इंजेक्शनच्या गटात १ टक्क्याचा. औषध चालते हे यातून दिसले, परंतु निवड न करताही इतका फरक पडतो म्हटल्यावर निवडीच्या चाचणीने नेमकी किती भर पडते, हा प्रश्न मोकळाच राहिला.

त्याच वर्षी २१व्या गुणसूत्रावरील एका जनुकविरहित पट्ट्याचे कोडे सुटले. तो पट्टा आयबीडीशी जोडलेला आहे हे आधीच ठाऊक होते, काम ठाऊक नव्हते. तो दूरवरच्या ईटीएस२ या जनुकाला मॅक्रोफेजमध्ये जोर देतो, आणि ईटीएस२ वाढले की टीएनएफ व आयएल-२३ यांसह दाहाची बरीचशी साधने एकदम कामाला लागतात, असे त्यातून पुढे आले. कर्करोगात वापरली जाणारी मेक विकराची रोधके प्रयोगशाळेत हा जोर कमी करतात. पण मेक हे विकर शरीरभर कामात असल्यामुळे ती औषधे केवळ मॅक्रोफेजपर्यंतच कशी पोहोचवायची, यावर सध्या डोके चालवले जात आहे.